काहिलीत भिजवलेला टारफुला

टारफुला तुम्ही पाहिला नसेल. शहरातल्या माणसाला तो दिसायचं कारणच नाही, आणि ज्यांच्या शेतात तो उगवतो ती माणसं त्याच्याकडं बघत बसत नाहीत. दिसला की उपटतात, वर एक शिवी देतात आणि पुढं सरकतात. ज्वारीच्या बुडाशी येणारं वीतभर उंचीचं तण, बारकी पांढरी फुलं, बघायला अगदी गरीब. पण ज्या ताटाजवळ तो उगवला त्या ताटानं मान टाकली म्हणून समजा. रानात ओल असते तरी ज्वारी तहानलेली दिसते. आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, जगात एकच वैरी होता आणि तो हा. आणि ह्याच तणानं माझं नशीब उघडलं, असं सांगितलं की आमची नात माझ्याकडं अशी बघते, जणू आजीला आज गोळ्या जास्त झाल्यात.

आमचं गाव पलूसच्या अलीकडं. विहिरीखालच्या मळ्यात ऊस आणि वरच्या पट्टीत ज्वारी. घरात आप्पा, काकी, माझी आई आणि मी. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. आले की घरात बुटाच्या पॉलिशचा वास, गेले की आठवडाभर काकी म्हणायची, घर कसं पोकळ लागतंय. आई आप्पांशी कधी समोरासमोर बोलली नाही. मोठ्या दिरासमोर पदर पुढं ओढून ती माझ्याशी बोलायची आणि ते बोलणं असायचं त्यांच्यासाठी. आप्पा तीन हातांवर बसलेले असायचे आणि आई म्हणायची, "शके, तुझ्या आप्पास्नी म्हणावं, भाकरी गार व्हाया लागलीया." आप्पा पण मलाच सांगायचे, "तुझ्या आईला म्हणावं, आलो." मी मध्ये तारेच्या खांबासारखी उभी. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी खाऊन घशाला जी कोरड पडली होती, ती पहिल्या सुगीच्या आपल्या ज्वारीनं गेली. काकी थापायची तो आवाज मला अजून येतो. दोन जोराच्या, एक हलकी, दोन जोराच्या, एक हलकी. तव्यावरची भाकरी, पावट्याची आमटी, खर्डा, आणि हंगाम असला तर वाटीत काकवी. आता डॉक्टर गोड नको म्हणतात. मी त्यांना काकवी म्हणजे काय ते सांगत नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि खुरपं हातात आलं. भांगलणीला, म्हणजे पिकातलं तण खुरपायला, मी आई-काकीबरोबर जायची. लोकांना वाटतं भांगलण हे कमरेचं काम. ते डोळ्यांचं काम आहे. दोन पानांवर असलेलं पीक कुठलं आणि दोन पानांवर असलेलं तण कुठलं, हे खुरपं घालण्याआधी कळावं लागतं, नाहीतर काकी पाठीत धपाटा घालायची. कुणाचं पान आधी गोल येतं आणि मग कातरतं, कुणाच्या देठावर लव असते, कुणाला चुरगाळलं की कसला वास येतो, हे मला तिथं कळलं. आणि कळलं की ते कुठंतरी काढून ठेवावं असं वाटायचं. कॅलेंडरची पानं महिना संपला की माझी. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी तणं काढायची. आबांनी सुट्टीवर येताना दोन कडक शिसाच्या पेन्सिली आणल्या होत्या. त्यांच्याकडं नकाशावर खुणा करायला वापरतात म्हणे. त्या पेन्सिलीनं केसाएवढी रेघ यायची. काकी म्हणायची, "गुलाब काढ, मोर काढ. ह्ये कसलं काढतीस, उपटून टाकायचं त्ये?" मला गुलाब काढायचा कंटाळा यायचा. गुलाब सगळ्यांनी बघितलेला असतो.

एके दिवशी सांगलीच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या इनामदारबाई, चार विद्यार्थ्यांसह, आमच्या दारात पाणी प्यायला थांबल्या. उंच, नऊवारीच्या गावात पाचवारी नेसलेल्या, खांद्यावर पत्र्याचा लांबट डबा, त्यात गोळा केलेली रोपं. पाणी पिता पिता त्यांची नजर कणगीला चिकटवलेल्या माझ्या कॅलेंडरवर गेली. तांब्या तोंडाशी तसाच राहिला. म्हणाल्या, "हे कुणी काढलं?" काकीनं मला पुढं ढकललं, चोर पकडून दिल्यासारखं. बाईंनी एकेक पान बघितलं, चष्मा वर करून, डोळ्याशी नेऊन. मग ओसरीवर ऐसपैस बसल्या आणि काम सांगितलं. दिवाळीनंतर सांगलीला शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात टारफुल्याचं मोठं चित्र लावायचं होतं, शेतकऱ्याला लांबून दिसेल असं. त्यांच्याकडं वाळवलेली रोपं होती, पण टारफुला वाळला की काळा पडतो, त्यावरून काढलेलं चित्र कोळशासारखं दिसायचं. जिवंत रोप समोर ठेवून काढणारं माणूस हवं होतं. "हे जमलं," त्या म्हणाल्या, "तर ह्या भागातल्या सगळ्या तणांची चित्रं करून घ्यायचीत. सांगलीत राहावं लागेल. शिकवीन मी."

सांगलीत माझी मावशी होती, राहायचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता. शिराळ्याकडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा साखर कारखान्यात, घर खाऊन-पिऊन सुखी, नाव ठेवायला जागा नाही. आप्पा होकार द्यायच्याच बेतात होते. रात्री जेवताना त्यांनी बराच वेळ भाकरी मोडली आणि मग मला म्हणाले, "शके, तुझ्या आईला सांग. प्रदर्शनापातूर थांबतो. चित्र पास झालं तर पोरगी सांगलीला. न्हाई झालं तर शिराळ्याला सांगावा." आई चुलीजवळून म्हणाली, "तुझ्या आप्पास्नी म्हणावं, व्हय." त्या एका 'व्हय'मध्ये किती वजन होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त सांगली ऐकलं होतं.

पहिलं चित्र मी मन लावून काढलं. बाईंनी दिलेला जाड कागद, रंगाची पेटी, खारीच्या केसांचा ब्रश, असली श्रीमंती मी बघितली नव्हती. पानाचा खरखरीतपणा, देठावरची राठ लव, आणि फूल. टारफुल्याचं फूल कधी जवळ धरून बघा. नळी सरळ वर जाते आणि तोंडाशी येता येता एकाएकी वाकते, रुसलेल्या पोरानं मान फिरवावी तशी. ती मान साधायला मला दोन कागद लागले. बाई पुढच्या फेरीला आल्या, चष्मा वर करून चित्र बघितलं. मग म्हणाल्या, "मान सुरेख आलीय. हे रोप कुणाच्या रानातलं?"

"आमच्याच."

"मग किडकी पानं कुठं गेली? पिवळी कुठं गेली?"

"काढून टाकली."

"का गं?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"आणि मूळ?"

मी म्हणाले, "मूळ तर आपण तोडूनच टाकतो की."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "शकुंतला, अगं तू भाजी निवडलीस." आणि खरंच तसं झालं होतं. जन्मभर मेथी-चाकवत निवडलेले हात, ते रोप हातात आलं की आपोआप मुळ्या खुडून, पिवळं पान काढून, धुऊन, सरळ करून ठेवणारच. मला कळलंसुद्धा नव्हतं मी काय करतेय ते. मग बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, वरचं झाड शेतकऱ्याला माहीत आहे. त्याला माहीत नाही ते खालचं. टारफुला जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटतो आणि तिथूनच पितो. वर दिसेपर्यंत त्याचं निम्मं काम झालेलं असतं. "मला तो सांधा हवाय. जिथं ह्याचं मूळ तिच्या मुळाला धरतं ती जागा. ते दाखवलंस तर चित्र. नाहीतर तण."

दुसऱ्या दिवसापासून मी सांध्याच्या मागं लागले. उपटला की टारफुला हातात यायचा आणि मूळ तटकन तुटून खाली राहायचं. खुरप्यानं कोरून काढला तर माती गळताना सगळं विस्कटायचं, काय कुणाला धरून होतं ते कळायचंच नाही. शेवटी मी कुदळीनं ज्वारीचं अख्खं ताट मातीच्या ढेकळासकट काढलं, भोवती दोन-तीन टारफुले तसेच उभे, आणि पाटीत घालून उसाच्या पाटाकडं निघाले. वाहत्या पाण्यात धरलं की माती हळूच निघून जाईल असा माझा हिशोब. ढेकूळ पाण्याला लागणार तेवढ्यात बांधावरून आप्पांची हाक आली. हाक कसली, बैल उधळल्यावर देतात तसली. धोतराचा सोगा हातात धरून ते पळत आले आणि पाटी माझ्या हातातून ओढून घेतली.

"काय करतीयास, शके? डोकं हाय का जाग्यावर?"

"धुतीया आप्पा. मूळ बगायचंय."

"आगं ह्येचं बी पिठावानी असतंय, पिठावानी. पाटात सोडलंस तर पान्याबरूबर समद्या शिवाराला जाईल. माझ्या रानातला टारफुला तू आनी गावाला वाटाया निघालीस?"

मी रडकुंडीला आले. त्यांचं खरं होतं, आणि घरातल्या परातीत ते ढेकूळ मावत नव्हतं. आई मागून भारा घेऊन येत होती. तिनं भारा खाली ठेवला, पदर पुढं ओढला आणि उसाकडं बघत म्हणाली, "शके, तुझ्या आप्पास्नी म्हणावं, गुऱ्हाळावरची काहील दसऱ्यापातूर रिकामीच हाय. त्यातलं पानी कुटं पळून जात न्हाई."

आप्पांनी पाटी खाली ठेवली. आप्पा आमच्या पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे, गुऱ्हाळावर गूळ उतरवणारे. काहील म्हणजे त्यांचं देवघर. त्या लोखंडी कढईत उसाचा रस सोडून दुसरं काही पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता वैऱ्याला त्यात आंघोळ घालायची. पण म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, नंतर घासायची कुनी?" आई म्हणाली, "म्हणावं, मी." झालं. ते ढेकूळ आप्पांनीच उचललं. माझ्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

थंड चुलवाणावर काहील, त्यात घागरींनी पाणी, मधोमध ते ढेकूळ. माती सुटायला लागली तसं पाणी चहासारखं झालं, मग त्याहून दाट, आणि मला काहीच दिसेना. काकी येऊन बघून गेली, "आता ह्यात गूळ कवा पडतोय?" असं विचारून गेली. मी हात घालून ढवळायला गेले तर आप्पा डाफरले. "हात काढ. ढवळून कवा काय निवळलंय का?" ते टारफुल्यावर पाळत ठेवायला म्हणून काहिलीच्या काठावर बसले होते. पण गढूळ काहील समोर आणि गुळव्या गप्प बसलाय, असं होणार कसं. थोड्या वेळानं ते अस्वस्थ झाले. पाण्यात बोट बुडवून बघितलं, धोतराला पुसलं. "अशी मळी ठिवून गूळ काढला तर बाजारात कुत्रं इचारनार न्हाई," असं कुणालातरी म्हणाले आणि उठून बांधावर गेले. आले ते रानभेंडीची झाडं घेऊन.

गुऱ्हाळ बघितलेल्यांना हे ठाऊक असेल. रानभेंडीचे दांडे ठेचून पाण्यात चोळतात, त्याचा बुळबुळीत रस उकळत्या काहिलीत सोडतात, मग रसातला सगळा मळ एकत्र होऊन वर येतो आणि तो झाऱ्यानं काढून टाकतात. आप्पांनी दांडे ठेचले, चोळले, आणि तो चिकट रस काहिलीच्या कडेनं गोल फिरवत सोडला, झाऱ्यानं पाण्याला एक हलका वळसा दिला, आणि मला हातानं खूण केली, गप बस. इथं विस्तव नव्हता, त्यामुळं मळी वर आली नाही, उलट झालं. पाण्यातला मातीचा धूर एकमेकाला धरत धरत पुंजके झाला आणि पुंजके शांतपणे खाली बसले. वरून पाणी उघडत गेलं. आधी देठ दिसले, मग देठांचा जमिनीखालचा भाग, हिरवेपणाचा पत्ता नसलेला, पांढराफटक, त्यावर खवल्यांसारखी बारकी पानं. मग काहिलीच्या काळ्या बुडावर ज्वारीच्या मुळ्यांचा झुबका, मोकळा, तरंगता. आणि त्यात टारफुल्याच्या मुळ्या, सुतासारख्या. एकीच्या टोकाशी मोहरीएवढी गाठ, आणि ती गाठ ज्वारीच्या मुळीला अशी चिकटलेली, जसं वासराचं तोंड सडाला.

आप्पा वाकले. एवढी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याचं तोंड त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. हळू आवाजात म्हणाले, "पितोय बग कसा, भडवा. आनी आमी वरनं उपटतोय."

ऊन पाण्यावर चमकत होतं म्हणून आप्पांनी आबांची पलटणीतली छत्री आणून धरली. मी काठावर पालथी पडून काढत होते. ह्या वेळी काहीही निवडायचं नाही असं मनाशी पक्कं होतं. किड्यानं खाल्लेलं पान खाल्लेलंच काढलं, पिवळं पिवळंच, एक देठ वाकडा होता तो वाकडाच. ज्वारीचं ताट जसं होतं तसंच केविलवाणं. आप्पा मधूनच म्हणायचे, "ती गाठ ऱ्हायली, डावीकडची." छत्री कधी ह्या हातात, कधी त्या हातात. आई भाकरी घेऊन आली, तिनं पाण्यात डोकावलं, आणि मला म्हणाली, "तुझ्या आप्पास्नी म्हणावं, खाऊन घ्या, मी धरती छत्री." आप्पा म्हणाले, "म्हणावं, आता न्हाई." आज इतकी वर्षं मी झाडं काढतेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, भिंग लागतं. आमची नात फोन धरते आणि फोन झाडाचं नाव सांगतो, ते मला आवडतं, मी पण विचारते त्याला. पण एखादी मुळी नजरेला सापडत नसली की मी अजून हात बाजूला घेते आणि बसते. आप्पांचा आवाज येतो, हात काढ.

मोठं चित्र करायला बाईंनी कापडावर चिकटवलेला माणसाच्या उंचीचा कागद पाठवला. लहान चित्र त्यावर न्यायचं कसं, तर मी दोन्हींवर संक्रांतीच्या रांगोळीसारखे ठिपके घातले, लहानावर जवळ आणि मोठ्यावर लांब, आणि ठिपक्याला ठिपका जुळवत गेले. मधोमध आडवी रेघ, ती जमीन. वर जे सगळ्यांना दिसतं ते, खाली काहिलीतलं. बाई पुन्हा आल्या नाहीत, आजारी होत्या. त्यामुळं चित्र कसं झालंय हे कुणालाच कळेना. आप्पा आणि मी ते बांबूला गुंडाळून, एसटीत आडवं धरून, कंडक्टरची बोलणी खात सांगलीला घेऊन गेलो.

प्रदर्शनाचा मांडव, पंप, औषधांचे फवारे, उसाच्या कांड्या, लाउडस्पीकर. आमचं चित्र एका कोपऱ्यात टांगलं. बाई अजून यायच्या होत्या. लोक येत होते, बघत होते, पुढं पंपाकडं जात होते. आप्पा चार हात लांब उभे, चित्राशी आपला काही संबंध नसल्यासारखे, पण पटका तीन वेळा सोडून बांधला. सकाळभर मी मनात शिराळ्याच्या घराचं तुळशीवृंदावन सारवत होते.

मग जतकडच्या कोरड्या मुलखातलं एक जोडपं आलं. नवऱ्याच्या खांद्यावर घोंगडं, बायकोच्या कपाळावर आडवं कुंकू, तळहातांना खुरप्याचे घट्टे. ती पंपाकडंच चालली होती. जाता जाता तिची नजर चित्रावर गेली आणि ती थांबली. "हितं बी आलास व्हय, मुडद्या," म्हणाली. आणि मी शपथेवर सांगते, ती वाकली. अंगठा आणि दोन बोटं, जशी भांगलताना लावतात तशी, देठ जिथं जमिनीत शिरतो तिथं तिनं लावली आणि ओढलं. नख कागदावर करकरलं. तिचं तिलाच हसू आलं, पदर तोंडाला लावला. आणि वाकलेलीच होती म्हणून तिचे डोळे रेघेच्या खाली गेले. हसू थांबलं. बोट न लावता तिनं एक मुळी डोळ्यानं धरली, ती गाठीपर्यंत नेली, मग दुसरी, मग तिसरी.

"आत्ता गं बया," ती म्हणाली. "आवं, हिकडं या. ऱ्हाऊ द्या त्यो पंप. बगा ह्ये. खाली धरून बसलाय ह्यो. म्हनून आपलं जोंधळं मान टाकत्यात." नवरा आला. त्याच्यामागं आणखी दोघं आले. कुणीतरी विचारलं, "ह्ये खरं हाय, का नुसतं काडलंय?" आणि तेवढ्यात गर्दीतून आप्पांचा आवाज आला. गुऱ्हाळावर हुकूम सोडायचा आवाज. "खरं म्हंजे? मी सोता बगितलंय. काहिलीत भिजवून, भेंडी लावून निवळून. फुलायच्या आत उपटा, बी पडू दिऊ नगा, आनी पाटात तर चुकून धुऊ नगा." लोकांनी रिंगण धरलं. आप्पा छत्रीच्या दांड्यानं गाठी दाखवत होते. "आनी ह्ये काडलंय कुनी?" कुणीतरी विचारलं. आप्पांनी छत्री माझ्याकडं वळवली. "ती काय, आमची शकी. आमच्या घरातली."

इनामदारबाई दुपारी आल्या, अशक्त, शाल गुंडाळून. गर्दी बघून लांबच थांबल्या, मग वाट काढत चित्रापाशी आल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्याकडं वळून काही बोलणार, तोच आप्पा मध्ये पडले. "बाई, तुमी बसा, दमलायसा. पोरगी पास झाली. सकाळीच." आणि पटक्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं.

त्याच दिवशी मला मावशीकडं सोडून ते गेले. शिराळ्याला स्वतः जाऊन सांगितलं, पोरगी सांगलीला कामाला लागलीय, थांबत असाल तर बोला. ते थांबले, हे इथंच सांगून टाकते. तो कारखान्यातला मुलगा, म्हणजे आमचे हे, ह्या घडीला शेजारच्या खोलीत पेपर वाचतायत आणि चहाची वाट बघतायत.

प्रदर्शन उठल्यावर बाईंनी चित्रावरचा नखाचा ओरखडा दाखवला. देठाच्या बुडाशी, जमिनीच्या रेघेवर, रंग खरवडून कागद दिसत होता. म्हणाल्या, थोडा रंग लाव, बुजेल. मी ब्रश ओला केलासुद्धा. मग ठेवून दिला. पुढं प्रमाणपत्रं पुष्कळ मिळाली, ती पेटीत आहेत. भिंतीवर हे एकच लावलंय, ओरखड्यासकट.